कड पाहून निवडलेलं पुस्तक

केंद्रप्रमुख म्हणजे नेमकं काय, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. जावई काय करतात असं कोणी विचारलं की ते सांगायचे, "गाडीवर फिरतात, या शाळेतून त्या शाळेत." एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या पाहुण्यानं मला औषधं विकणारा समजून गुडघेदुखीवर गोळी विचारली होती. मी सांगूनही टाकली. वर्षानुवर्षं न विचारता सल्ले देत फिरलं की माणूस कशावरही बोलायला लागतो.

या अंकासाठी आठवणी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मी आधी टाळलं. निवृत्त मास्तराच्या आठवणींतले विद्यार्थी पुढं मोठे साहेब होतात आणि गाडीतून उतरून पाया पडतात. माझ्याकडं तसलं फारसं काही नाही. नोकरीची शेवटची अकरा वर्षं मी वर्गाबाहेरच काढली. त्यातलं एक पुस्तक आणि एक मुलगी एवढंच सांगण्यासारखं आहे, आणि त्यात मी काही चांगला दिसत नाही.

आधी आमचा धंदा समजून घ्या. दहा-पंधरा गावच्या शाळांचं मिळून एक केंद्र होतं आणि त्यावर एक केंद्रप्रमुख असतो. माझ्याकडं चौदा शाळा होत्या, केनवड गावाच्या अल्याड-पल्याड पसरलेल्या, बऱ्याचशा दोन शिक्षकी. म्हणजे वर्ग चार आणि माणसं दोन. त्यातलंही एक बहुतेक वेळा कुठल्या तरी बैठकीला गेलेलं. मी या शाळांना भेटी द्यायचो, वर्गात मागं बसून शिकवणं पाहायचो, वरून आलेले कागद खाली आणि खालचे वर पोचवायचो. महिन्यातून एकदा सगळ्या शिक्षकांना एका शाळेत जमवून शिक्षण परिषद भरवायची. नाव मोठं भारदस्त आहे, पण सतरंज्या, पोहे, चहा आणि दुपारनंतर जांभया असा तो कार्यक्रम असायचा.

आणि मग पुस्तकं. शिक्षकानंही शिकत राहिलं पाहिजे, हे वरच्यांना मान्य होतं. त्यामुळं दर हिवाळ्यात हुकूम यायचा की शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी एक पुस्तक निवडा, प्रत्येक शाळेला एक प्रत द्या आणि मार्चच्या आत विषय संपवा. निवड कशी करायची, हे मात्र त्या कागदावर कुठंच नसायचं. शिकवावं कसं, मुलं शिकतात कशी, वर्ग सांभाळावा कसा, अशा पुस्तकांचे गठ्ठे घेऊन विक्रेते माझ्या दारात येऊन बसायचे. माझी बायको त्यांना पाहुणे म्हणायची.

एका वर्षी एक निवृत्त अधिकारी स्वतःच स्वतःचं पुस्तक घेऊन आले. पहिल्या आठ पानांवर त्यांच्या सत्काराचे फोटो होते, शिक्षण नवव्या पानावर सुरू होत होतं. एक चहा झाला, दुसरा झाला, साहेब उठायचं नाव घेईनात. शेवटी मी म्हणालो, साहेब, तुमचं पुस्तक इतकं उंचीचं आहे की आमच्या शिक्षकांना झेपायचं नाही. ते खूश होऊन गेले. दुसऱ्या एका वर्षी परदेशी पुस्तकाचं भाषांतर आलं. मुलांना गोल टेबलांभोवती बसवा आणि दर टेबलावर वेगवेगळ्या रंगांचे डबे ठेवा, असं त्यात होतं. तेव्हा माझ्या एका शाळेत चौथीचा वर्ग निंबाखाली भरत होता. तिथल्या गुरुजींनी पुस्तक परत देताना अगदी साध्या चेहऱ्यानं विचारलं, सर, टेबल बी येनार हाय का संगं?

आलेली सगळी पुस्तकं वाचणं काही माझ्यानं होत नव्हतं. प्रस्तावना वाचायचो, अनुक्रमणिका चाळायचो. त्यापुढं डोळे मिटायला लागायचे. दिवसभर त्या रस्त्यांवर गाडी चालवून हाडं खिळखिळी झालेली असायची. मग मी एक युक्ती काढली. नमुन्याच्या प्रती शाळांमधून फिरवायच्या आणि परत आल्या की पुस्तक मिटून त्याची कड पाहायची, ज्या बाजूनं पानं उघडतात ती. शिक्षकाच्या बोटांना कायम खडू असतो. खडूची भुकटी आणि घाम मिळून पानांच्या कडेवर राखाडी पट्टा उमटतो. डबा खाता खाता वाचलं असेल तर तेलाचे डाग पडतात. पट्टा जिथं संपला तिथं वाचणाऱ्याचा दम संपला असं समजायचं. कड कोरी असेल तर पुस्तक कपाटात झोपा काढून आलं.

पुस्तक कसं वाटलं असं शिक्षकाला विचारलं तर तो "छान आहे सर" म्हणणार. केंद्रप्रमुखाला खरं कोण सांगतं? कड खोटं बोलत नाही, असं मी परिषदेत ऐटीत सांगायचो. इतर केंद्रांतले लोक फोन करून विचारायचे, यंदा तुमच्या कडेनं काय सांगितलं म्हणून. मला त्याचं बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असतानाच्या हिवाळ्यात दोन पुस्तकं शेवटपर्यंत टिकली. त्यांची नावं लिहीत नाही, कारण पुस्तकांचा काही दोष नव्हता. एक होतं हिरव्या पुठ्ठ्याचं, चांगलं जाडजूड. रोजच्या पाठांचं नियोजन, तक्ते, तयार नमुने, सगळं त्यात होतं. दुसरं पिवळं, पातळ. चौथीपर्यंत येऊनही ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांना वाचायला कसं शिकवायचं, एवढा एकच विषय त्यात होता. दोन्हींच्या दोन-दोन प्रती मी शाळांत फिरवल्या. पिवळ्याची एक प्रत गेली तशी परत आली. दुसरी एका दोन शिक्षकी शाळेत गेली आणि तिथंच दोन महिने राहिली. पुढं कोणी ती मागितली नाही आणि मीही विसरून गेलो.

त्या गावाचंही नाव लिहीत नाही. तिथली पोरं आता मोठी झाली आहेत आणि हा अंक तिथवर नक्की पोचेल. त्या शाळेत चौथीला शाहीन मॅडम होत्या. मूळच्या कारंज्याच्या, तिशीच्या आतबाहेरच्या, बोलणं अगदी बेताचं. परिषदेत कायम खिडकीजवळ बसायच्या. त्यांच्या वर्गात नऊ मुलांना अक्षरं जुळवता येत नव्हती. एप्रिल संपला की ही मुलं पाचवीसाठी एसटीनं मोठ्या गावच्या शाळेत जाणार होती. पाचवीत कोणी कानामात्रा शिकवत बसत नाही, तिथं इतिहास-भूगोल सुरू झालेला असतो. म्हणजे त्या नऊ जणांचं काय व्हायचं ते एप्रिलच्या आत व्हायला हवं होतं. हे मला पक्कं माहीत होतं, कारण न वाचणाऱ्या मुलांचा तक्ता माझ्याच हातानं वर गेला होता.

फेब्रुवारीच्या परिषदेत पुस्तक ठरवायचं होतं. नमुने परत न्यायला विक्रेता पिशवी घेऊन दारातच उभा होता. मी सवयीप्रमाणं दोन्ही पुस्तकं मिटून वर धरली. हिरव्याची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत राखाडी झालेली. पिवळं जसं छापखान्यातून आलं तसंच.

"हे बघा," मी पिवळं सगळीकडं फिरवून दाखवलं. "दोन महिने मुक्काम ठोकून आलंय आणि अंगाला बोट लागलेलं नाही. कोणाकडं होतं हे?"

शाहीन मॅडमनी हात वर केला. सगळे हसले. मीही हसलो. हिरव्याच्या चौदा प्रती घ्यायच्या असं ठरलं आणि पोहे आले.

चहाच्या वेळी मॅडम माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, हे पिवळं एप्रिलपर्यंत माह्याजवळ राहू द्या ना. चार लेकरांचं अर्ध्यात हाय."

विक्रेता घाई करत होता, माझी पाठ ठणकत होती आणि वरून कसल्याशा माहितीसाठी सकाळपासून फोनवर फोन चालले होते. हे मी निमित्त म्हणून सांगत नाही, होतं तसं सांगतो. मी म्हणालो, "मॅडम, दोन महिने उघडलं नाही आणि आता काहून आठवलं?"

त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग ते पुस्तक स्वतःच्या हातानं विक्रेत्याच्या पिशवीत नीट उभं ठेवलं आणि आपल्या जागी जाऊन बसल्या. ते आठवलं की अजून मला माझी लाज वाटते.

मार्चमध्ये भेटी सुरू झाल्या. पहिल्याच शाळेत टेबलावर हिरव्या पुस्तकाची नवी प्रत होती आणि तिच्यावर खडूचा उघडा डबा, कडेवर भुकटी उतरलेली. दुसऱ्या शाळेतही तेच. तिथल्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, टेबलाची फळी तडकलेली आहे सर, डबा हलतो, हे पुस्तक जाड आहे, बरं बसतं. नमुन्याची प्रतही अशीच वापरली होती का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. विचारायची गरजही नव्हती म्हणा. नऊ वर्षांची माझी ऐट त्या डब्याखाली होती.

तिसऱ्या दिवशी शाहीन मॅडमच्या शाळेत गेलो. त्यांचा गणिताचा तास संपत होता. त्यांनी खडू ठेवला, बाहेर जाऊन रांजणातल्या पाण्यानं हात धुतले, ओढणीला पुसून कोरडे केले आणि मगच भाषेचं पुस्तक उचललं. पान उलटताना वरचा कोपरा दोन बोटांत धरायचा, बोट ओलं करायचं नाही. वर्गातली पोरंही तशीच. मला पिवळ्याची कोरी कड आठवली.

मधल्या सुट्टीत मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील कारंज्यात पुस्तकं बांधायचे. घरात येणारं प्रत्येक पुस्तक लोकांचं. डाग पडला की गिऱ्हाईक तोंडावर फेकून जायचं. त्यामुळं हात धुतल्याशिवाय पुस्तकाला शिवायचं नाही, ही सवय लहानपणीच हाडात गेलेली. "अन् ते पिवळं तर दुकानदाराचं होतं सर," त्या म्हणाल्या, "परत जानारं. त्याले त जास्तच जपलं."

मग त्यांनी कपाटातून एक वही काढली. पिवळ्या पुस्तकातल्या अर्ध्यापर्यंतच्या सगळ्या कृती त्यांनी उतरवून घेतल्या होत्या, पुढं कोणत्या मुलाला काय जमलं, कुठं अडलं, तारखेवारी. त्या दोन महिन्यांत नवातली पाच मुलं वाचायला लागली होती. पुस्तक गेल्यावर उरलेल्या चौघांसाठी त्या मनानंच काहीबाही करून पाहत होत्या. त्यातलं आणखी एक वाचायला लागलं होतं. तिघं अडकली होती.

मला राग आला, आणि तो खरं तर माझ्यावरच होता, पण तोंडातून त्यांच्यावर निघाला. मी म्हणालो, तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलल्या काहून नाही?

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमी इचारलं, कोनाजवळ होतं. वाचलं का, हे कुठं इचारलं?"

चौदा शाळा, चाळीसेक शिक्षक, आणि पुस्तकात काय वाचलं हे मी आजवर कोणालाच विचारलं नव्हतं. छान आहे सर, हे उत्तर ऐकायचा कंटाळा म्हणून मी माणसांना सोडून कागदाची साक्ष काढत बसलो होतो.

मी ते पुस्तक मिळवायच्या मागं लागलो. विक्रेत्यानं नमुने केव्हाच परत पाठवले होते. काढणारी संस्था छोटी, प्रती संपलेल्या, नवी आवृत्ती बघू म्हणाले. मार्च गेला, एप्रिल गेला. मे महिन्यात निकालाचा गोषवारा आला, चौथीचे सर्व विद्यार्थी वर्गोन्नत. मी सही केली. नापास करायचंच नसतं, तेव्हा सही करायला काही विचार लागत नाही. शेवटी अमरावतीच्या एका जुन्या मित्राकडं ते पुस्तक निघालं आणि त्यानं ते पोस्टानं पाठवलं. तोवर पोळा तोंडावर आला होता.

मी तसाच शाहीन मॅडमकडं गेलो. त्यांनी हात धुऊन पुस्तक घेतलं, चाळलं, आणि मला परत दिलं. "माह्याजवळ आता नको सर," त्या म्हणाल्या. "ज्याहिचं अर्ध्यात राह्यलं ते तिघं पाचवीत गेले. हे त्याहिच्या मागं जाऊ द्या." माफी मागायची म्हणून मी वाक्य जुळवून गेलो होतो. त्याऐवजी पुस्तक पिशवीत टाकलं आणि गाडी सुरू केली.

पाचवीच्या शाळेत त्या तिघांतली दोन मुलं भेटली, अगदी मागच्या बाकावर. तिसरी, आरती, पटावर होती, पण पंधरा दिवसांपासून येत नव्हती. का येत नाही ते तिथल्या गुरुजींना ठाऊक नव्हतं. मी गाडी वळवली.

घरी आरतीची आई नुकतीच निंदणावरून आली होती, पायांची माती धुवत होती. शाळेतून आलोय म्हटल्यावर तिनं मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि न विचारताच सांगायला लागली. बाजाराचा दिवस होता. शाळा सुटल्यावर पोरगी घरी यायला रिसोडच्या गाडीत बसायची, ती उलट दिशेच्या मेहकरच्या गाडीत बसली. गाडीत पाय ठेवायला जागा नाही. कंडक्टर पोरीपर्यंत पोचेस्तोवर मेहकर आलं होतं. भला माणूस, त्यानं तिला परतीच्या गाडीत बसवून दिलं. ती घरी आली तेव्हा दिवे लागले होते आणि निम्मं गाव विहिरी बघत फिरत होतं. दुसऱ्या दिवसापासून बापानं शाळा बंद केली.

"आता तुमीच सांगा मास्तर," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "पास झाली म्हनून कागद आला होता आमच्या घरी. पोरीले गाडीची पाटी वाचता येत नाई, हे कोनंच नाई सांगतलं."

आरती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. दोन वेण्या, चेहरा हुशार. मला तिच्या आईकडं बघवेना, म्हणून मी तिच्याकडं वळलो आणि मास्तरकीच्या जुन्या सवयीनं विचारलं, अगं, बसायच्या आधी कोणाला तरी विचारायचं ना.

"इचारलं होतं ना सर," ती म्हणाली. "एका बुढ्या बाबाले इचारलं, हे गाडी रिसोडची हाय का. त्यानं पाटीकडं पाह्यलं अन् म्हने, हो, हेच. मंग आमी दोघंबी बसलो. मेहकरले उतरल्यावर त्याचे डोळे भरून आले. म्हने, पोरी, मलेबी रिसोडलेच जाचं होतं."

आई कपाळाला हात लावून आत गेली. चारचौघांसमोर पाटीकडं पाहायचं आणि हो, हीच म्हणायचं, तो म्हातारा मला फार ओळखीचा वाटला.

मी पिशवीतून ते पिवळं पुस्तक काढलं. आरती ओट्यावर येऊन बसली, जरा अंतर राखून. तिनं पुस्तकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि तिला ज्याची खात्री करून घ्यायची होती ते तिनं विचारलं.

"सर, तुमाले तरी येते ना वाचता?"

"येते," मी म्हणालो. "पण हे पुस्तक मी अजून वाचलं नाही."

"मंग उघडा ना," ती म्हणाली.